केळीच्या सालीवरचे टाके

यशोदाअक्कांनी तानूला पहिला टाका शिकवला तो केळीच्या सालीवर, आणि तोही गंमत म्हणून. दुपारची वेळ होती. दवाखान्यात एकही बाळंतीण नव्हती, आणि कुणा पेशंटच्या नवऱ्याने आणून दिलेली केळी टेबलावर काळी पडत चालली होती. तानूने विचारलं, "अक्का, डॉक्टरसाहेब सुई अशी वाकडी का धरतात हो?"

झालं. कुणी प्रश्न विचारला आणि अक्कांनी तो टाळला, असं आयुष्यात कधी घडलं नव्हतं. त्यांनी केळं सोललं, सालीला बोटभर छेद दिला आणि वाकडी सुई चिमट्यात धरून दाखवली. "मनगट फिरवायचं, हात नाही. सुई आपल्या वाटेने येते. ओढलीस की साल फाटते." तानूने तीन साली फाडल्या. चौथीवर मात्र टाके असे बसले, की जणू रुमालाला टीप घातली.

तेवढ्यात डॉक्टर अभिमन आत आले. मोटारीची किल्ली बोटाभोवती फिरवत फिरवतच ते दवाखान्यात वावरायचे. त्यांनी साल उचलली, उजेडात धरली. "कुणाचं काम हे?"

तानू लाजून भिंतीला टेकली.

"अक्का, सोन्यासारखा हात आहे हो पोरीचा! तुमच्यासारखी मास्तरीण मिळाली, मग काय!"

त्या दिवशी अक्कांना बरं वाटलं होतं. खरं तर फार बरं वाटलं होतं. पुढे ही आठवण आली की त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

अक्कांची उभी हयात सरकारी दवाखान्यांत गेली होती. नर्सिंगचं शिक्षण धुळ्याला झालं, मग साक्री, पारोळा, शेवटी जळगाव. नोकरी संपल्यावर पिंप्राळ्यात दोन खोल्या घेऊन राहिल्या. रिकामं बसवेना म्हणून जळगावातल्याच या प्रसूतिगृहात लागल्या. डॉक्टरांनी त्यांचं नोंदणीचं प्रमाणपत्र काचेत बसवून, टेबलामागच्या भिंतीवर मोठ्या मानाने टांगलं. त्याचं कारण अक्कांना पुष्कळ उशिरा कळलं. दवाखान्यात नोंदणी असलेली नर्स तेवढी एकच होती. बाकी तानू आणि आणखी दोघी, पांढरी साडी नेसवलेल्या गावाकडच्या पोरी. तानू साक्रीकडच्या डोंगरातल्या एका गावची, नववी पास, वय एकोणीस. आली तेव्हा तिला थर्मामीटर वाचता येत नव्हता. अक्कांनी तिला तो उन्हात धरून, पाऱ्याची रेघ सापडेपर्यंत, चार दिवस शिकवला. न रागावता. कुणाला शिकवताना त्या रागावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

नव्वद साली डॉक्टरांनी धुळ्याला दुसरं प्रसूतिगृह काढलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार धुळे. आता बायकांचं बाळंतपण काही वार बघून येत नाही. मग डॉक्टरांनी वेणांनाच वार नेमून दिला. सोमवारी संध्याकाळी जी आली असेल, तिला कळा वाढवायच्या औषधाची सलाईन लावायची, म्हणजे मंगळवारी सकाळी गाडी निघायच्या आत ती मोकळी. नाही झाली तर "बघा तुम्ही दोघी." आधी बघण्यात नाडी आणि ताप होता. मग सलाईनचे थेंब कमीजास्त करणं आलं. मग बाळाची वाट रुंद करायला घ्यायचा छेद आला, आणि छेद आला म्हणजे टाके आलेच.

अक्का एकदा बोलल्या होत्या. "साहेब, सरळ बाळंतपण मी करते, ते माझं काम आहे. पण हे माझं नाही. आणि त्या पोरीचं तर काहीच नाही."

डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. बेसिनपाशी जाऊन त्यांनी वासाच्या साबणाने सावकाश हात धुतले आणि म्हणाले, "अक्का, सरकारी खात्यातली सवय जात नाही बघा तुमची. तिथे सगळा कागद. इथे माणुसकी बघावी लागते. रात्री-अपरात्री खेड्यातली बाई येते, तिला काय सांगायचं, डॉक्टर धुळ्याला आहे? तुम्ही आहात म्हणून मी तिकडे निर्धास्त असतो." मग हसले. "आणि दवाखाना उभा आहे तो तुमच्याच नोंदणीच्या नंबरावर. तुम्हीच हात वर केले तर या पोरी जातील कुठे?"

अक्का पुढची सलाईन टांगायला गेल्या.

पुनाबाईचं झालं ते त्यानंतरच्याच महिन्यात. पारोळ्याजवळच्या एका गावातली शेतकऱ्याची सून. अक्का खोलीत आल्या तेव्हा मूल झालं होतं. तानू स्टुलावर बसून टाके घालत होती, आणि डॉक्टर खांद्यामागे उभे राहून किल्ली वाजवत होते. "पटापट, पटापट. पिंप्राळ्याचं फाटक लागतं मग." अक्कांनी आरडाओरडा करायला हवा होता. पण त्यांची नजर गेली ती तानूच्या बोटांवर. आणि तोंडून निघालं, "शेवटची गाठ सैल आहे, तानू. पुन्हा घे."

तानूने गाठ पुन्हा घेतली. छान घेतली. पाचव्या दिवशी पुनाबाईच्या सासूने तानूची खणानारळाने ओटी भरली आणि "डॉक्टरीनबाई" म्हणत तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. तानूने अक्कांकडे पाहिलं. अक्का हसल्या. डॉक्टरही हसले. ती डॉक्टर नाही, हे कुणीच म्हणालं नाही.

वर्षभराने, एक्क्याण्णवच्या डिसेंबरात, एका शनिवारी त्याच घरातली धाकटी सून आली. सुंदरबाई. पहिलटकरीण, सडपातळ, ओठ चावून चावून रक्त काढलेलं. बरोबर नवरा भिकन आणि तीच सासू. म्हातारी आत शिरल्या शिरल्या म्हणाली, "डॉक्टरीनबाई कोठे शे?" आणि तानू दिसताच तिचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टर सकाळी आठला सलाईन लावून, भिकनच्या पाठीवर थाप मारून धुळ्याला निघून गेले. अक्का दुसऱ्या खोलीत एका बाळंतिणीच्या तापाशी झगडत होत्या. दोनच्या सुमाराला त्या इकडे आल्या. सुंदरबाईच्या पोटाला हात लावला आणि त्यांना कळलं. कळ संपतच नव्हती. एक ओसरायच्या आत दुसरी. त्यांनी बाळाचे ठोके ऐकले, घड्याळ लावून पुन्हा ऐकले. ठोके मंदावत होते. आतून तपासलं तर पिशवीचं तोंड पुरतं उघडलेलं नव्हतं, डोकं वरच अडकलेलं होतं. त्यांनी आधी सलाईन बंद केली, सुंदरबाईला कुशीवर वळवलं, आणि धुळ्याला फोन लावला.

"बोला अक्का." डॉक्टरांच्या तोंडात घास होता.

अक्कांनी सगळं सांगितलं. ठोके किती, तोंड किती, डोकं कुठे. तीस वर्षं डॉक्टरांना सांगत आल्या तसं, एकही शब्द जास्त न घालता. "सिझेरियन लागेल साहेब. तुम्हाला यायला दोन तास. मी सिव्हिलला पाठवते."

पलीकडे घास चावला गेला, गिळला गेला. पाणी प्यायल्याचा आवाज आला. "सिव्हिलला पाठवलं की त्या घरचं एक माणूस पुन्हा आपल्याकडे येणार नाही. असं करा, व्हॅक्यूम लावा."

व्हॅक्यूम म्हणजे बाळाच्या डोक्याला धातूचा प्याला चिकटवून, पंपाने हवा काढून, मूल ओढून घ्यायचं यंत्र. चांगले चांगले डॉक्टरसुद्धा ते जपून हातात घेत.

"कोण लावणार?" अक्कांनी विचारलं.

"तानू. दोनदा दाखवलंय मी तिला. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा, म्हणजे नियमात बसतं."

"तोंड उघडलेलं नाही, साहेब. ओढलं तर फाटेल. बाळ जाईल, बाईसुद्धा जाईल."

"अक्का," ते अगदी मऊपणे म्हणाले, "तुम्ही थकलात. रिसीव्हर तानूकडे द्या बरं."

अक्कांनी रिसीव्हर ठेवून दिला. हाताला काही चिकट लागलंय असं वाटून त्यांनी तो पदराला पुसला. मागे वळल्या, तर तानू दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिच्या हातात व्हॅक्यूमचा प्याला होता. धुऊन, उकळून आणलेला.

"अक्का, येतं मला," ती म्हणाली. "साहेबांनी सांगितलं होतं, वेळ आली तर काढून ठेव म्हणून."

अक्का तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. भीती नव्हती त्यावर. चौथ्या सालीवर टाके नीट बसले तेव्हा होता तोच उजेड होता. शिकलेलं करून दाखवायचा उजेड. अक्कांना आयुष्यात या उजेडाइतकं काही आवडलं नव्हतं, आणि आज त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"प्याला खाली ठेव," त्या म्हणाल्या. "ठोके ऐक. मोठ्याने मोज."

तानूने नळी कानाला लावली. मोजता मोजता तिचा आवाज बारीक होत गेला.

"आता सांग, तोंड पुरतं उघडलेलं नसताना प्याला लावला तर काय होतं?"

"ते... साहेबांनी नाही सांगितलं."

"नाही ना सांगितलं? मग तुला येत नाही."

अक्का बाहेर आल्या. भिकनला म्हणाल्या, "भाऊ, रिक्षा आणा. सिव्हिलला न्यायचंय, आत्ता. बाळ अडकलंय. डॉक्टर इथे नाहीत."

भिकन उठला. पण म्हातारीने त्याचा हात धरला. "सिव्हिलले? तठे मानसं मरतस! आठे डॉक्टरीनबाई शे ना. तिनी मोठी सून सोडवी, तशी हाई बी सोडवी." मग अक्कांना बाजूला सारून ती तानूपाशी गेली. "सांग ना वं माय. तू सोडवशी ना?"

अक्कांनी आणखी दोन वेळा सांगितलं. म्हातारी ऐकेना. वरून टोमणा हाणला, "म्हातारी नर्स, कामले कटाळनी." भिकन आईच्या तोंडाकडे बघे, मग तानूच्या. अक्कांचं कुणी ऐकणार नव्हतं. ज्या पोरीची ओटी भरताना सगळे हसले होते, तिचंच ऐकणार होते. आत सुंदरबाई गुरासारखी ओरडली.

"तानू," अक्का म्हणाल्या. "तूच सांग. जे आहे ते."

तानूने पांढऱ्या साडीचा पदर मुठीत धरला. ती दवाखान्यात कधी गावची बोली बोलत नसे. आता बोलली.

"मी डॉक्टरीन नही शे, मावशी."

म्हातारी हसली. "काय सांगस!"

"नर्स बी नही शे. मी नववी पास शे. साहेबनी मले साडी दिधी, बस."

म्हातारीचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ, विसरून राहिल्यासारखं. मग ती म्हणाली, "मंग मनी मोठी सूनले टाका कोनी घालात?"

तानूची नजर स्वतःच्या बोटांवर गेली.

"वरीस व्हयनं, पुना गोठामा बसस," म्हातारी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तिले कळत नही, बठ्ठं निंघी जास. लुगडं खराब व्हस. वास येस म्हनीसन कोनी पंगतमा बसू देत नही. आठे दखाडाले लयनूत, ते तू काय सांगं? व्हस आसं, बरं व्हई!" आणि ती तानूच्या पायापाशी थुंकली.

अक्कांना एका क्षणात सगळं दिसलं. केळीच्या सालीला एकच थर असतो. माणसाच्या अंगाला एकाखाली एक थर असतात, आणि आतला जोडल्याशिवाय वरचा शिवायचा नसतो. हे त्यांनी तानूला सांगितलंच नव्हतं. का सांगायचं? ती तर गंमत होती. तानूने वरची कातडी रुमालासारखी सुरेख शिवली आणि आतलं फाटलेलं तसंच राहू दिलं. डॉक्टर मागे उभे राहून किल्ली वाजवत होते. आणि आपण? आपण गाठ सुधारली.

"तशीच किळस वाटू द्या मावशी, माझीसुद्धा," अक्का म्हणाल्या. "पण आधी रिक्षा."

भिकन धावला होता केव्हाच.

सिव्हिलमध्ये अक्कांना ओळखणारे अजून होते. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी एकदाच तपासलं आणि टेबलावर घ्या म्हणाल्या. अर्ध्या तासाने मुलगी झाली. निळसर होती, रडली नाही. नर्सने तिला पालथी धरून तळव्यांवर टिचक्या मारल्या, नळीने तोंडातलं ओढून काढलं. मग ती रडली, घोगरं, रागावल्यासारखं. सुंदरबाई वाचली. बाहेर बाकावर म्हातारी बसली होती. अक्कांनी सांगितलं तेव्हा तिने मान हलवली. तोंड मात्र दुसरीकडेच ठेवलं.

संध्याकाळी अक्का दवाखान्यात परतल्या, तर डॉक्टर येऊन बसले होते. चेहरा हसरा. तीन चहा मागवलेले. तानू कोपऱ्यात उभी.

"बसा अक्का. वाचली ना बाई? मग झालं. देवाची कृपा." त्यांनी टेबलावर एक कागद सरकवला. छापील, शाई अजून ओलसर. दवाखान्याच्या नावाखाली मोठ्या अक्षरात: कुमारी तानूबाई यांनी या संस्थेत प्रसूतिशास्त्राचे दोन वर्षांचे प्रशिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहे. खाली तारीख गेल्या वर्षीची. त्याखाली 'प्रशिक्षक, नोंदणीकृत परिचारिका' आणि सहीला रिकामी जागा.

"उद्या ते लोक काही बोलले तर पोरीला आधार नको?" डॉक्टर म्हणाले. "शिकवलं तर तुम्हीच आहे. खोटं काय आहे यात?"

अक्कांनी चहाचा एक घोट घेतला होता. तो गिळवेना. उठून बेसिनपाशी गेल्या आणि थुंकून आल्या. बेसिनवर तोच वासाचा साबण ठेवलेला होता.

खोटं काहीच नव्हतं, हेच तर ओंगळ होतं. शिकवलं होतं. न रागावता, उन्हात थर्मामीटर धरून. या माणसाने आपलं शिकवणं असं वापरलं, जसं कुणी देवघरातलं ताम्हन उचलून नेऊन त्यात कोंबडीचा खिमा करावा.

"अक्का," तानू हळूच म्हणाली, "माझं नाव छापलंय. पहिल्यांदाच." मग आणखी हळू, "सही करा ना."

डॉक्टरांनी नजर वर केली नाही, पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"तानू, इकडे ये." अक्कांनी तिला समोर बसवलं. "आज तू जे बोललीस ना म्हातारीपुढे, ते मला तीस वर्षांत कधी जमलं नाही. आता हा कागद घेतलास तर ते पुसलं जाईल. तुला खरं शिकायचंय? दहावी दे. मी घरी बसवून घेते तुझ्याकडून. मग धुळ्याला फॉर्म भरू. चार वर्षं जातील."

"चार वर्षं!" डॉक्टर हसले. "तोवर लग्न होईल हो तिचं."

तानू कागदाकडे बघत राहिली.

अक्का स्टुलावर चढल्या, भिंतीवरून आपलं प्रमाणपत्र काढलं आणि काचेसकट पिशवीत घातलं. तेव्हा मात्र डॉक्टर उभे राहिले. "अक्का! ते... उद्या तपासणीला कुणी आलं तर? दवाखाना कशावर दाखवू मी?" दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ नव्हता.

"किल्लीवर दाखवा," अक्का म्हणाल्या आणि निघाल्या. दारात थांबून तानूला म्हणाल्या, "सकाळी साडेसातची पारोळ्याची एसटी. पुनाबाईकडे जातेय. आलीस तर बरं."

तानू आली नाही. अक्कांनी गाडी सुटेपर्यंत खिडकीतून फलाटाकडे पाहिलं, मग पाहणं सोडून दिलं.

लोटन, भिकनचा मोठा भाऊ आणि पुनाबाईचा नवरा, अंगणात दाणे पाखडत होता. कोण म्हणून विचारून त्याने बोटाने गोठा दाखवला, स्वतः आला नाही. पुनाबाई गोठ्याच्या कडेला गोणपाटावर बसून मुलाला भाकर कुस्करून भरवत होती. वास होता. अक्कांना उभ्या जन्मात असे वास नवे नव्हते, पण या वासात आपल्या हाताचा वाटा आहे, एवढं नवं होतं. त्या जाऊन अगदी जवळ, त्याच गोणपाटावर बसल्या. पुनाबाई चपापून सरकली. कुणी इतक्या जवळ बसायची तिला सवय राहिली नव्हती.

"वळखलं मी तुम्हले," ती म्हणाली. "डॉक्टरीनबाई नही उनी का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. घरात तिला अजून कुणी काही सांगितलंच नव्हतं.

अक्कांनी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. केळीच्या सालीपासून गाठीपर्यंत, स्वतःला न वगळता. पुनाबाईचा भाकरीचा हात थांबला. मूल तोंड उघडून वाट बघत राहिलं.

"म्हणजे हाई बरं व्हस?" तिने विचारलं. एवढंच विचारलं.

"बहुतेक. आत जे जोडायचं राहिलंय ते पुन्हा जोडावं लागेल. सिव्हिलला शिकलेल्या डॉक्टरीणबाई आहेत. मी बघितलंय त्यांचं काम. दोन शब्द टाकलेत मी."

"तठे दुखी का?"

"दुखेल. भूल उतरल्यावर चांगलंच दुखेल. मी थांबणार आहे तुझ्यापाशी."

पुनाबाईने राहिलेला घास मुलाला भरवला, बोटं ताटलीत धुतली. मग म्हणाली, "गाडीमा लोके नाक धरतीन."

"धरू देत," अक्का म्हणाल्या. "खिडकीकडे तू बस. मी अलीकडे बसते."